काय त्रास होतो?

“नापास. परत.” टेबलावर दोन बोटं आपटून ते एवढंच म्हणायचे. समोर सत्तरीचा हवालदार असो की सहावीत शाळा सुटलेली माझ्यासारखी बाई, सूट कुणालाच नाही.

पुण्यात कसब्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिकडून कधी चालत गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. एका दुकानाच्या ओट्यावर एक लोखंडी टेबल, घडीची खुर्ची आणि खुर्चीत इस्त्रीच्या शर्टातला ताठ म्हातारा. सैन्याच्या तोफखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले; आम्ही सुभेदारसाहेब म्हणायचो. आजारी जवानाची किंवा त्याच्या विधवेची पेन्शन नाकारली गेली, की त्यावरचं अपील ते लिहून द्यायचे.

शेजारी दिवसभर हातोडी चालायची. मी पहिल्याच दिवशी विचारलं, “साहेब, या आवाजात कसं लिहिता?”

“डावा कान तिकडे करून बसतो. तो तोफांनी केव्हाच नेला. उरलेला तुमच्याकडे आहे, बोला.”

कागद ते नंतर बघायचे. आधी स्वतः डॉक्टर व्हायचे. चष्मा नाकावर ओढायचा, मान खाली घालायची आणि कंटाळल्या आवाजात विचारायचं, “काय त्रास होतो?” मेडिकल बोर्डाची ही रंगीत तालीम. हडपसरच्या एका हवालदारांची तालीम मी पायरीवर बसून पाहिली आहे.

“काय त्रास होतो?”

“काय न्हाय साहेब. ठीक हाय.”

“नापास. परत.”

“गुडघा जरासा...”

“जरासा? अहो, ही एक पायरी चढायला तुम्हाला माझा खांदा लागला. बोर्डापुढे गुडघा काय मी हलवून दाखवू?”

“आफिसरफुडं रडगाणं कसं गायाचं, साहेब?”

“तेच. नोकरीभर ‘ठीक है’ म्हणत सलाम ठोकलात. डॉक्टरनं लिहून घेतलं, तक्रार नाही. आता पेन्शन मागितली की ते तुमचंच वाक्य तुम्हाला दाखवतात. परत.”

हवालदार हसले आणि हसता हसता गुडघा धरून बसले. “असं बसायचं बोर्डापुढे,” साहेब म्हणाले.

मी मूळची बुलढाण्याकडची. मुलीचे बाबा बर्फातल्या चौकीवर होते. छातीचा आजार निघाला म्हणून सैन्यानं त्यांना घरी पाठवलं आणि दोन वर्षांत ते गेले. आजार नोकरीमुळे झालेला नाही, असं पत्रात होतं. म्हणून अपंगत्वाची पेन्शन त्यांना नाही, आणि त्यांच्या मागे मलाही नाही. मी मुलीला घेऊन वारज्यात आले, मुलींच्या एका हॉस्टेलात पोळ्या करायला लागले. अपिलाची मुदत जाईल, कागद हरवेल, या धास्तीनं बसमध्ये सारखी पिशवी चाचपायचे. मला त्या इंग्रजी पत्रातलं अर्धं वाचताही येत नव्हतं. साहेबांनी ते दोनदा वाचून दाखवलं, पहिल्यांदा सावकाश आणि दुसऱ्यांदा आणखी सावकाश. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

“भरतीच्या वेळी त्यांची छाती फुगवून, मोजून घेतली ना?” ते म्हणाले. “तेव्हा धडधाकट लिहिलं. मग बिघडली कुठं, हे आपण विचारायचं. पण तुम्ही घरी काय पाहिलं, तेही प्रतिज्ञापत्रात यायला हवं. सांगा. काय त्रास होता त्यांना?”

“तसं काही नव्हतं, साहेब.”

“नापास. परत.”

असे तीन रविवार गेले. वारज्याहून यायचं, ‘काही नव्हतं’ म्हणायचं, नापास होऊन परत जायचं. घरी मुलगी विचारायची, “झालं का गं?” चौथ्या रविवारी मी इतकी दमले होते की लपवायचंही त्राण उरलं नव्हतं.

“सुट्टीवर आले की ते आडवे व्हायचे नाहीत,” मी म्हणाले. “आडवं झालं की श्वास कोंडायचा. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचे. सासूबाई उठायच्या आत अंथरूण घडी करून अंगणात जायचे. मला म्हणाले, कुणाला सांगू नको, मेडिकलमध्ये खालच्या श्रेणीत टाकतील. मी नाही सांगितलं. साहेब, सांगितलं असतं तर?”

शेजारची हातोडी थांबली होती. साहेबांनी कागद पुढे ओढला. बराच वेळ लिहीत राहिले, मग म्हणाले, “‘सांगू नको’ हेसुद्धा लिहिलंय. चूक म्हणून नाही, पुरावा म्हणून.”

‘पास’ मात्र म्हणाले नाहीत. ते कुणालाच म्हणायचे नाहीत.

एकदा धीर करून मी त्यांच्या कानाचं विचारलं. त्याची पेन्शन मिळते का?

“छे! डॉक्टरनं उजवा कान झाकून विचारलं, ऐकू येतं? मी त्याचे ओठ वाचले आणि म्हणालो, येतं, साहेब.”

“मग अपील?”

“माझी तालीम कोण घेणार, ताई?”

अपील गेलं आणि वाट पाहणं सुरू झालं. तारीख पडायची, पुढे जायची. मग एका दुपारी दुकानातल्या तांबटकाकांचा फोन आला. साहेब दवाखान्यात आहेत.

मी पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टरीण त्यांच्यापाशी उभी होती. “आजोबा, काय त्रास होतो?”

“काही नाही. ठीक आहे, साहेब.”

तिनं लिहायला पेन उचललं. मी डाव्या बाजूला होते. तिथून बोलून उपयोग नव्हता. खाटेला वळसा घालून उजव्या कानाशी गेले. खाटेच्या दांडीवर दोन बोटं आपटली. “नापास. परत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी डोळे हसले. मग तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं.

“दुखतं,” ते तिला म्हणाले. “फार दुखतं. बरेच दिवस.”

तिनं ते लिहून घेतलं. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा नीट झोप लागली, असं काका म्हणाले. आठवड्यानं ते गेले.

माझा निकाल त्यानंतर आला. मुलीनं वाचून दाखवला. आजार सैन्यात असतानाच झाला, हे मान्य, पेन्शन मंजूर. खाली कुठंतरी तेही लिहिलं होतं, की सुट्टीवर घरी आल्यावर जवान भिंतीला टेकून बसून झोपत असे. मुलीनं ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला मी ते कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या उरकून मी कागद घेऊन कसब्यात गेले. कुणाला दाखवायचा होता, देव जाणे. टेबल आत गेलं होतं. खुर्ची ओट्यावरच होती, डावी बाजू दुकानाकडे करून. काकांनी हातोडी खाली ठेवली.

“काय ताई, ठीक ना?”

“ठीक आहे,” मी म्हणाले. मग पायरीवर बसले.

“नाही हो काका,” मी म्हणाले. “फार थकलेय.”