तारिहाळच्या राऊटरवरचा अनोळखी माणूस

मी शिकून बाहेर पडले तेव्हा हुबळीत नेटवर्कचं काम करणाऱ्या मुली फारशा नव्हत्या. विद्यानगरातल्या एका छोट्या कंपनीत मला नोकरी लागली. मालकांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं ते हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात. कारखान्याचं दुसरं युनिट धारवाडपलीकडे, बेलूरला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एका लाइनने जोडलेले, आणि ती लाइन वरचेवर बंद पडायची. मग बेलूरहून फोन यायचा, "तुमचा राऊटर बंद करून चालू करा." तसं केलं की लाइन परत सुरू.

अण्णांना यात काहीतरी खटकत होतं. तो राऊटर आत येणाऱ्याला फक्त पासवर्ड विचारायचा आणि तो एकच पासवर्ड कितीतरी जणांना माहीत होता.

"त्याला आधी नाव विचारायला लाव," अण्णा म्हणाले. "कोण येतंय ते तरी कळू दे."

राऊटर होता स्टोअरच्या मागच्या खोलीत. खिडकी नाही. भिंतीपलीकडे प्रेस मशीन दणदणत होतं. लॅपटॉपला केबल लावून मी काम सुरू केलं, आणि मी काहीच न टाइप करता पडद्यावर एक ओळ उमटली.

"यारु?"

कोण? इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं कन्नड. राऊटरमध्ये एकाच वेळी शिरलेली माणसं एकमेकांना असा निरोप पाठवू शकतात, हे मी वाचलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. आत कोण कोण आहे ते बघितलं, तर माझ्याखेरीज आणखी एक जण होता. बेलूरच्या बाजूने आलेला.

तेवढ्यात दुसरी ओळ आली. "मनीगे होग, तंगी."

घरी जा, पोरी. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मुलगी बसलीय हे त्याला कसं कळलं? मी मागे वळून पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर कुणी नव्हतं. उठून दाराला कडी घातली, मग वाटलं कडी घातली तर ओरडलेलं कुणाला ऐकूसुद्धा जायचं नाही, म्हणून पुन्हा काढली.

अण्णांना फोन लावला. पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"उत्तर देऊ नको," ते म्हणाले. "आधी तुझं नाव आणि कारखान्याच्या मॅनेजरांनी सांगितलेली नावं पासवर्डसकट घाल. मग नाव विचारायला लाव. उलटं केलंस तर तूच बाहेर राहशील. सगळं झालं की त्याला काढ."

बोटं चुकत होती. एकेक अक्षर पुसून पुन्हा लिहिलं. शेवटी त्याला बाहेर काढलं. तो लगेच परत आला. पण आता राऊटर त्याला नाव विचारत होता, आणि तो काहीच लिहीत नव्हता. नुसता थांबला होता. वेळ संपून आपोआप बाहेर पडला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. त्या रिकाम्या नावाकडे बघत मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मग तो यायचा थांबला.

पुढच्या आठवड्यात बेलूरच्या राऊटरचं तेच काम निघालं. तिथे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे निघाले. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी कपाला हात लावला नाही.

"तूच ना ती, तारिहाळची?" त्यांनी हळूच विचारलं. "मॅनेजर फोनवर म्हणाले होते, एक पोरगी येतेय म्हणून."

मला सगळा उलगडा झाला. "काका, इथून आमच्या राऊटरमध्ये शिरून लाइन तुम्हीच बंद करत होता?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "आता इथे माणसाची गरज नाही म्हणतात. लाइन पडली की मला विचारायचे. तेवढंच." मग माझ्याकडे वळून, "भ्यालीस काय गं?"

"फार."

"माझं नाव घातलंस काय त्यात?"

"नाही. मॅनेजरांनी सांगितली तेवढीच घातली."

त्यांनी मान हलवली आणि राऊटरच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मॅनेजरांना मी काही बोलले नाही. अण्णांना मात्र सांगितलं. त्यांनीही ते पुढे कुणाला सांगितलं नाही. लाइन पुन्हा तशी पडली नाही. काकांना कारखान्याने थोड्याच दिवसांत कामावरून काढलं, असं तिथल्या वॉचमनकडून कळलं.