कापसावर बसवलेली सून

माझं सासर शिरपूरकडचं. तेव्हा कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, असा कायदा होता. केंद्रावर भाव कमी, आणि गाड्यांची रांग दिवसेंदिवस हलायची नाही. म्हणून सगळं गाव चोरून मध्य प्रदेशात, सेंधव्याला कापूस न्यायचं. वाटेत नाका लागायचा. तिथून गाडी सुटावी म्हणून कापसावर गोधडी अंथरून गरोदर सुनेला वर बसवायचे. विचारलं तर सांगायचं, बाळंतपणाला माहेरी चालली.

मला सातवा महिना होता. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "कायदा सरकारना, कापूस आपला. चढ वर." मी चढले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गाडी हादरली की मी पोट दोन्ही हातांनी धरायची.

एकदा नाक्यावरच्या शिपायाने माझ्या मांडीला लागूनच गोधडीखाली कोपरापर्यंत हात घातला आणि हसला. "बाई, या महिनामा कितला डाव बाळंत व्हशी?" आबा हसले. गाडी हाकणारे माझे मालकही हसले. आबांनी त्याच्या मुठीत काही ठेवलं. मी तोंडावर पदर ओढून घेतला.

त्याच आठवड्यात आमच्या शेतात वेचणीला आलेल्या पाड्यावरच्या बाईच्या ओच्यात ओंजळभर कापूस सापडला. लेकराच्या उशीला घेतला होता. आबांनी पोलीस पाटलाला बोलावलं. "चोरी ती चोरी. देशमा कायदा शे का नही?" तिला दिवसभर चावडीसमोर उन्हात बसवलं. लेकरू तिच्या मांडीवर रडत होतं.

सरकारचा तो कायदा वाईटच होता, हे मला आजही पटतं. आबांनी चौकात उभं राहून, "हा कायदा मी मानत नाही," असं म्हटलं असतं, तर मी नवव्या महिन्यातही गाडीवर बसले असते. पण त्यांना कायदा हवा होता, फक्त त्या बाईपुरता.

पुढच्या खेपेला गाडी भरली. आबांनी हाक मारली. त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. तेव्हाही मी खालीच बघून म्हणाले, "मी बसाव नही."

"काय म्हणनी?"

"पोटमाना जीवले असं फिरवाव नही."

मग सासूबाई पोटावर उशी बांधून, वरून लुगडं नीट करून गाडीवर चढल्या. पन्नाशीची बाई. गाडी नाक्यावरून सुटली म्हणे, शिपाई आणखी जोरात हसला म्हणे.

त्या दिवसापासून आबांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. मलाही द्यायला नकोच वाटायचं.