ताप उतरला त्या सकाळी

वहिनींशी माझं शेवटचं बोलणं झालं ते महालक्ष्म्यांच्या सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात. डेंग्यूचा ताप नुकताच उतरला होता. न्हाऊन, केस ओले तसेच बांधून त्या आंबिलीला लागल्या होत्या. डॉक्टरांनी ताप गेल्यावरही रक्त तपासायला बोलावलं होतं, म्हणून मी गाडी काढतो म्हणालो.

"ताप उतरला न भाऊजी, आता काऊन जाऊ? आज महालक्ष्म्या जेवतीन. उद्या जाऊ."

मी प्लेटलेटचा आदल्या दिवशीचा आकडा सांगितला. "तुमचा हिशोब मच्छराले सांगजा," त्या म्हणाल्या. दादा हसले, मीही हसलो. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवत होता… या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच उमगलं नव्हतं. नैवेद्य झाला आणि त्यांचं पोट दुखू लागलं. हातपाय गार पडले. वर्ध्याला नेलं, पण वहिनी परत आल्या नाहीत.

सेलूच्या या घरात उन्हाळा त्यांच्या हातचा होता. मधल्या खोलीच्या खिडकीतल्या कूलरमध्ये पहिली बादली त्याच ओतायच्या, नवा वाळा बसवून. पाऊस लागला की मी कूलर काढायला निघायचो. त्या अडवायच्या. भादव्याचं ऊन अजून यायचं आहे, म्हणायच्या. ते खरंच यायचं. दरवर्षी वहिनीच बरोबर ठरायच्या.

तेराव्यानंतर आरोग्य केंद्राच्या आशाताई घर तपासायला आल्या. टॉर्चच्या उजेडात कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणी अळ्यांनी वळवळत होतं. त्या म्हणाल्या, नुसतं ओतून भागत नाही. डासांची अंडी पत्र्याला चिकटून राहतात, कोरडी, कित्येक महिने. पाणी मिळालं की जगतात.

मधल्या खोलीत आता पुतणी झोपते. परवा ती कण्हली तसा मी उठून तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. पण ताप नसणं म्हणजे काय, याचा आता मला भरवसा नाही.

टाकी मी काथ्याने घासली, पुन्हा घासली, गच्चीवर पालथी घातली. "काका, उन्हाळ्यात लावू न कूलर?" पुतणीने विचारलं. लावावाच लागेल. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात त्या खोलीत कूलरशिवाय माणूस टिकत नाही. पहिली बादली मला ओतावी लागेल… आणि मग रोज सकाळी टाकीवर वाकून, पाणी हलतं का ते बघावं लागेल.