भंडारदऱ्याचं रिकामं पाणी

पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत टीव्हीवर दाखवायची, तर खरी कसोटी पोहण्यात लागते. सायकलवरचा माणूस ओळखू येतो, पळताना तर चेहराच समोर असतो. पाण्यात मात्र सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच पिवळ्या टोप्या. घरी बसलेल्याला आपला कोणता ते कळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, कॅमेऱ्याचं शिकलो, आणि जिल्ह्यातल्या एका लहान चॅनेलवर थेट प्रक्षेपण उभं केलं. ते चांगलं होतं, हे मी कुणालाही सांगेन. पण भंडारदऱ्याचं ते पाणी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

भंडारदऱ्याच्या धरणावरच्या त्या शर्यतीत समालोचनाला मी हट्टानं जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक आणला होता. शहरी निवेदकांना पहिल्या तिघांपलीकडे कुणी दिसत नाही. हा गडी प्रत्येकाचं गाव, बापाचं नाव आधीच विचारून ठेवतो, आणि मागे पडलेल्यालाही नावानं बोलावतो.

पोहणारे बाहेर आले, सायकली रस्त्याला लागल्या, आणि काठावर मोजणाऱ्यानं सांगितलं, एक कमी आहे. श्रीरामपूरकडचा तरुण मास्तर होता. बचावाच्या बोटी माघारी वळल्या. वरून काही दिसलं तर बोटवाल्यांना सांगता येईल म्हणून मी ड्रोन पाण्यावरच ठेवला. निवेदकानं आखाड्यात करतो तेच केलं. पैलवान हजर नसला की तिथं तीनदा पुकारतात. पहिला पुकार झाला. थोडं थांबून दुसरा. मग त्याच खड्या आवाजात "तिसरा आणि शेवटचा पुकार". आखाड्यात याचा अर्थ एवढाच, की समोरच्याला विजयी धरायचं. इथं पडद्यावर नुसतं पाणी होतं. डोंगराची सावली पडलेलं, एकही टोपी नसलेलं.

पडद्याखालच्या पट्टीत चॅनेलच्या ऑफिसचा नंबर फिरत असायचा. ऑफिसनं एक फोन माझ्याकडे जोडून दिला. मास्तरची आई होती. रडत नव्हती.

"दादा, शेवटचा का म्हन्ले ते? अजून पुकारा ना."

मी निवेदकाला थांबू नका म्हणून सांगितलं. तो पुकारत राहिला. आता पहिला-दुसरा काही म्हणत नव्हता. आई फोनवर तशीच होती, आणि तिच्या घरातल्या टीव्हीतून तोच आवाज जरा उशिरानं माझ्या कानात येत होता.

सायकली संपून धावणंही शेवटाला आलं, तेव्हा कुठे मोटरसायकलवरच्या कॅमेरावाल्यानं कळवलं, मास्तर सापडला. पायात गोळा आल्यावर तो पलीकडच्या काठाला लागला होता, झाडीतून वर रस्त्यावर आला होता, आणि शर्यत सोडल्याच्या लाजेनं चहाच्या टपरीमागे जाऊन बसला होता. मी आईला सांगितलं.

"तुमी सांगताय ते खरं असंल," ती म्हणाली, "पन मला दिसू द्या."

मास्तर तोंडावर टॉवेल धरून बसलेला. वर्गातली पोरं बघत असतील म्हणत होता. कॅमेरावाल्यानं आईचं म्हणणं सांगितल्यावर त्यानं टॉवेल खाली घेतला. त्याच घटकेला पहिला आलेला फीत तोडत होता आणि दुसऱ्या फोनवर चॅनेलचे मालक ओरडत होते. मी मास्तर दाखवला. टपरीवाला मध्येच डोकावून म्हणाला, "मावशी, काळजी नको, दोन कप मारले, आता तिसरा मागतोय."

फीत राहिली ती राहिलीच. मालकांना मी सांगितलं, पहिला कोण आला ते उद्या पेपरात येईल. आजही माझं मत तेच आहे.

मास्तरचा अधूनमधून फोन येतो. आईला आता नुसता आवाज पुरत नाही, रोज व्हिडिओ कॉल करायला लावते, असं सांगतो. पण बघते ती त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे. परवा मागे शाळेची निळी भिंत होती.

"जरा सरक रे," ती म्हणाली, "मागं काय हाय ते?"