पडून ऱ्हायला नको

आमच्या ऑफिसातल्या एका काकांना टेबलावर काही पडलेलं बघवत नाही. तुमचा चहा अर्धा राहिलेला असतो, तुम्ही जरा स्क्रीनकडे वळता, की कप धुऊन पालथा! वर ऐकवणार, "पडून ऱ्हायला नको की!"

डेअरीतल्या दुधाच्या वजनकाट्याशी बोलणारी, सी भाषेत लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, त्यांचीच. तिच्यावर मी रस्ट या नव्या भाषेतल्या कोडचं आवरण चढवत होतो. लायब्ररी प्रत्येक वजन मेमरीत ठेवून त्या जागेचा पत्ता देते. ती जागा काम संपल्यावर मोकळी कुणी करायची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी तीनदा विचारलं. तीनदा एकच उत्तर, "तूच कर की. इचारायचं काय त्यात?"

मी केली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी कोडोलीच्या डेअरीत ऐन सकाळी, दूध घालायला रांग लागलेली असताना, प्रोग्राम आडवा झाला. बघतो तर मी मोकळी करायच्या आधीच त्यांची लायब्ररी तीच जागा मोकळी करत होती. एकच जागा दोनदा मोकळी केली की प्रोग्राम कोसळणारच!

"काका, हे कुणी घातलं?"

"मीच की, काल. तू इसरलास तर? म्हणून साफ करून टाकलं."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

माझं डोकंच फिरलं. रांगेतल्या माणसांनी फोनवर घातलेल्या शिव्या ऐकवाव्यात म्हणून तोंड उघडलं, तोवर त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि बेसिनकडे निघाले.

कपात अजून दोन घोट होते.