आठव्या पडद्यावरचा शिंपला

शेषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला मुलीकडे होतो. रडू आलंच. पण खरं सांगतो, आज महिना होत आला तरी आत जे धुमसतंय ते दुःख नाही, संताप आहे. माणूस गेल्यावरही त्याच्या हातच्या कामाला 'चूक' म्हणणारे खुशाल बोलतात, आणि लोक माना डोलावतात!

परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचं दुकान होतं. आमच्या भीमगीतांच्या पार्टीची पेटी त्याच्याकडेच असायची. मी प्राथमिक शाळेत शिक्षक, पार्टीत हौसेनं वाजवणारा. ऐंशीच्या दशकात मी एक जुनी गिटार आणली. तिच्या दांड्यावरची काळी पट्टी अगदी कोरी. कुठल्याच पडद्याला, म्हणजे फ्रेटला, खूण नाही. पडदे मोजता मोजता गाणं पुढं निघून जायचं. शेषराव म्हणाला, "ठेव हितं. आठ दिवस तोंड दाखवू नको."

आठ दिवसांचा महिना झाला. दुधना नदीच्या पात्रातले शिंपले आणून तो पाणी घालून दगडावर घासायचा, बारीक करवतीनं नखाएवढे तुकडे कापायचा. प्रत्येक तुकड्याच्या मापाची खाच पट्टीत कोरायची, तुकडा बसवायचा, कडेच्या फटीत सरसात कालवलेला लाकडाचा भुसा भरायचा, आणि वाळल्यावर बोटाला कळणार नाही इतकं सपाट घासायचं. दोनदा सगळं उपटून त्यानं पुन्हा केलं. मी कुरकुरलो तर म्हणे, "बोट अडकलं तर शिव्या मलाच देशील ना? मंग गप बस की."

गिटार हातात आली... आणि मी चक्रावलो. पुस्तकातल्या चित्रात खुणा तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यावर होत्या. यानं पहिल्यावर लावली, आठव्यावर लावली, दहाव्यावर लावली. नववा मात्र रिकामा!

"अरे बाबा, हे काय करून ठेवलंस?"

"जाड तार धर. जिथं शिंपला तिथं पांढरी, जिथं न्हाई तिथं काळी. पेटीसारखंच, बिलकुल बराबर."

पाहतो तर काय! आमचे गायक पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरूनच सूर सांगतात, 'काळी चार धरा' म्हणून. तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर शिंपले, मधला चौथा कोरा, म्हणजे पेटीवरच्या लागोपाठच्या तीन काळ्यांतली मधली, तीच काळी चार. माझी मोजणी त्या दिवशी संपली.

त्याच हुरूपानं आम्ही दोघं ती गिटार घेऊन औरंगाबादला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडचं जडावकाम आपल्याला मिळावं, अशी त्याला फार आस होती. मालकानं गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून गिटार दाखवली. "नववा कुठं गेला, मिस्त्री? तुमच्याकडं नऊपर्यंत मोजत नाहीत का?" सगळे हसले. शेषराव माझ्याकडे बघत होता. वाजवणारा मी होतो, दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी खाली बघत राहिलो. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे." त्यानंतर त्यानं शिंपल्याला हात लावला नाही. वीस वर्षं पेट्यांचे फाटलेले भाते चिकटवत बसला. असले हात, अन् त्यांना हे काम!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती गिटार त्याच्या फोटोशेजारी ठेवली होती. शहरातून आलेले एक संगीतशिक्षक भाषणात म्हणाले, "बिचाऱ्यांचं शिक्षण नव्हतं, खुणा चुकीच्या पडद्यांवर लागल्या, पण भावना महत्त्वाची." भावना! माझं डोकंच फिरलं. उठलो, गिटार त्यांच्या हातात दिली. "सर, काळी चार दाखवा. मोजायचं नाही." त्यांची बोटं पट्टीवर खालीवर होत राहिली. मग मी त्यांचं बोट धरून दोन शिंपल्यांच्या मध्ये टेकवलं, तार छेडली आणि पेटीवाल्याला सूर द्यायला सांगितला. एकच सूर! "चूक म्हणे! बारा पडद्यांत सात शिंपले, एक तरी चुकलेला दाखवा!" असं बरंच काही ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर शेषरावची बायको, कौसाबाई, जवळ आली.

"लई चांगलं बोललात, भावजी," ती म्हणाली. "औरंगाबादहून आल्ते तवापासून ते मला सांगायचे, माझा दोस्त बोलंल एक दिवस. शेवटपर्यंत वाट बघून राह्यल्ते."