जमजमचा पेला

त्या वर्षी मी नमाजालाही कंटाळलो होतो, हे आधीच कबूल करतो. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण रेणापुरातल्या आमच्या आडाला त्याची खबर लागली नाही. सलग दुसऱ्या उन्हाळ्यात तो कोरडाच होता. मी शाळामास्तर. सकाळी टँकरची रांग, दुपारी शाळा, संध्याकाळी आजारी बायकोची उशी. नमाजाला उभा राहिलो की गुडघे आधी दुखत, मन मागाहून कधीतरी येई.

बायकोची मूत्रपिंडं कामातून गेली होती. डॉक्टरांनी दिवसाला चार पेले पाणी बांधून दिलं होतं, त्यावर एक घोटही नको. आणि मी कोण, तर दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दर्ग्याच्या ओट्यावर बसून सूफी किताबांचा अर्थ सांगणारा. इश्क म्हणजे तहान, इश्क म्हणजे जाळ. परवाना, म्हणजे पतंग, दिव्यावर का झेप घेतो, पेला भरणाऱ्या साकीनं तो पुढे केला तर त्यात मध आहे की जहर हे खरा आशिक का विचारत नाही, हे सगळं मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगितलं. बायका पडद्याआड बसून ऐकत, त्यांत तीही असे. लोक माना डोलवत आणि मला वाटे, आपल्याला सगळं कळलंय.

अशात शेजारचे चाचा हजहून परतले आणि मक्केच्या पवित्र विहिरीचं पाणी, जमजमची बाटली, देऊन गेले. जमजम उभ्यानं, किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला तोंड करून, पोटभर प्यावं असं आमच्यात मानतात. मला वाटलं, मोजमाप आपलं टँकरच्या पाण्याला, हे तर शिफा देणारं, दुखणं बरं करणारं पाणी. मी पेल्यावर पेला भरला. ती भिंतीला धरून उभी राहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाटली रिकामी होईपर्यंत प्याली. दुसऱ्या दिवशी तिला धड श्वास घेता येईना.

लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तिला खाटेवर घेताच डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती दिलं?" मी म्हणालो, "सांगितलं तेवढंच." जमजमनं अपाय झाला असं कोणत्या तोंडानं सांगू? डॉक्टर हसतील, आणि वर माझं ईमानही बुडेल, अशी भीती. डॉक्टर बुचकळ्यात पडले, कारण दिलेल्या औषधाचा हिशेब तिच्या अंगावर चढलेल्या सुजेशी जुळेना. ती उशांना टेकून एकेक श्वास ओढत होती आणि मी तसबीहची माळ फिरवत बसलो होतो. लाजेनं अर्धमेला झालो होतो. मनात एवढंच म्हणत होतो, या अल्लाह, हे माझ्या तोंडून तूच काढ.

शेजारच्या खाटेवर त्याच दुखण्याचा एक माणूस होता. भेटायला येणारे त्याला 'जयभीम' म्हणत. त्याची बायको विष्णुपुरीकडची, दुपारभर ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपत बसायची. ती अचानक माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, एक सांगू का? म्या ह्यांला नारळपाणी पाजलं व्हतं. लई आवडतं म्हणून. आन दोन दिस डॉक्टरला सांगितलंच न्हाई. लाज वाटली. ह्यांनी लई भोगलं बघा."

मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला हे आताच का सुचलं, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मी उठलो, डॉक्टरांना गाठलं आणि बाटलीभर जमजमची गोष्ट सांगून टाकली. ते हसले नाहीत. "पवित्र असलं तरी पाणीच ना, गुरुजी," एवढंच म्हणाले आणि इंजेक्शन बदलायला लावलं. दुसऱ्या सकाळी बायकोचा श्वास मोकळा झाला. मी ही बातमी सांगायला वळलो तर शेजारची खाट रिकामी, त्यांना घरी सोडलं होतं. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

बायकोला नीट बोलता येऊ लागल्यावर मी खाटेशी बसून माफी मागितली. आम्ही घरात दखनी बोलतो, इथे मराठीत लिहितो. ती म्हणाली, "ते पाणी मला सोसणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"मग प्यालीस कशाला?"

"कितीक दिवसांनी तुमचा चेहरा उजळला होता. तो पेला परत कसा करू?"

मला रडू आवरेना. जे मी ओट्यावरून नुसतं बोललो, ते तिनं पडद्याआड बसून खरं मानलं होतं, आणि मी तिला साधं विचारलंही नव्हतं की तुला हवंय का. ती म्हणाली, "माफी राहू द्या. पुढच्या वेळी आधी विचारा."

त्यानंतर ती सहा वर्षं माझ्यासोबत होती. रोज पेला हातात घेऊन मी विचारी, "देऊ का?" ती नको म्हणाली की मुकाट्यानं खाली ठेवी. तिच्यापुढे आणि अल्लाहपुढे आपलं शहाणपण बाजूला ठेवणं मला एवढंच जमलं. तेवढं शिकवायला अल्लाहनं मला नांदेडपर्यंत नेलं आणि तिला माझ्याकडे परत दिलं, याबद्दल मी रोज त्याचा शुक्र, त्याचे आभार मानतो.